थांबवण्याचा अधिकार



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला दरवर्षी भरते, ते सर आयुष्यभर कोल्हापुरात शिकवत राहिले आणि त्यांचे विद्यार्थी शिरोली, गोकुळ शिरगाव, हातकणंगल्याच्या कारखान्यांत पसरले. त्यांतलाच मी एक. पदवी घेतली, फाउंड्रीत लागलो आणि नोकरीची बहुतेक वर्षं गुणवत्ता विभागात काढली. विश्वस्तांनी विषय विचारला तेव्हा म्हणूनच मला फार शोधाशोध करावी लागली नाही. निमंत्रणपत्रिकेत ‘सर्वंकष गुणवत्ता व्यवस्थापन’ असं छापलंय. आपण सगळे त्याला टीक्यूएम म्हणतो, मीही तेच म्हणेन.

समोर कारखानदार बसलेत, तसेच डॉक्टर, शिक्षक, दूध संस्थांची मंडळी आणि सरकारी अधिकारीही आहेत. मागच्या रांगांतल्या काहींना वाटत असेल, की हा कारखान्यांचा विषय, आपला याच्याशी काय संबंध? आणि कारखानदारांना वाटत असेल, की आपल्याकडे हे केव्हाच झालं, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. हे दोन्ही समज बाजूला ठेवून तासभर ऐकावं, अशी माझी विनंती आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. आलेख, तक्ते, फलक, ऑडिट ही सगळी साधनं उपयोगाची आहेत, त्यांच्यावरच माझा संसार चालला. पण ज्या ज्या संस्थेत गुणवत्ता खरोखर सुधारली, मग तो ट्रॅक्टरचा कारखाना असो की इस्पितळ, तिथं मला एक गोष्ट सारखी आढळते. ज्याच्या हातात काम आहे त्याला ते थांबवण्याचा आणि ‘इथं चुकतंय’ म्हणण्याचा अधिकार मिळालेला असतो, आणि तसं म्हटल्याबद्दल त्याला शिक्षा होत नाही. हा अधिकार वरच्या माणसालाच देता येतो. त्यानं तो दिला नाही, तर बाकीचं सगळं सामान आणूनही काही बदलत नाही.

आधी घरचं उदाहरण घेतो. ओतकामातला सगळ्यात त्रासदायक दोष म्हणजे ब्लो होल, धातूत अडकलेल्या वायूची पोकळी. ती बऱ्याचदा पृष्ठभागाच्या आत असते. कास्टिंग फेटलिंग म्हणजे साफसफाई होऊन, तपासणीतून पास होऊन गिऱ्हाइकाकडे जातं. तिथं मशीनवर वरचा थर निघाला, की भोक उघडं पडतं. मग फोन येतो, डेबिट नोट येते आणि बैठकीत पहिला प्रश्न येतो, ‘मोल्डर कोण होता?’ मी ज्या फाउंड्रीत उमेदवारी केली तिथं हा प्रश्न ठरलेला होता. नाव काढायचं, पैसे कापायचे. पुढच्या महिन्यात दुसरं नाव.

पावसाळ्यात रिजेक्शन वाढायचं. वाळूत ओलावा जास्त झाला, की धातू ओतताना वाफ जास्त होते आणि तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही तर ती धातूत शिरते. प्रयोगशाळेत वाळूचा नमुना ठरावीक वेळांनाच यायचा. मोल्डरला मात्र वाळू मुठीत दाबली की समजायचं. पण त्याची मजुरी साच्याच्या पेट्यांवर होती. पेट्या कमी भरल्या तर पैसे कमी, काम थांबवलं तर फोरमनच्या शिव्या. मग तो ओल्या वाळूचीही पेटी भरायचा. दोष सगळ्यात आधी त्याला कळायचा आणि त्यानं तो सांगू नये, अशीच सगळी रचना होती. त्या काळातल्या कितीतरी फाउंड्र्यांचं हे वर्णन आहे, आणि आजही काही ठिकाणी ते लागू पडतं.

आता या शास्त्राचं मूळ पाहू. १६ मे १९२४ रोजी अमेरिकेतल्या बेल टेलिफोनच्या संस्थेत काम करणाऱ्या वॉल्टर शूहार्ट यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटं टिपण दिलं. त्यात एक आलेख होता. त्या आलेखाला आज आपण कंट्रोल चार्ट म्हणतो. त्यामागचा विचार असा, की कुठल्याही कामात थोडा चढउतार असतोच. वाळूचा ओलावा रोज तंतोतंत सारखा कधीच येणार नाही. हा चढउतार दोन प्रकारचा असतो. एक त्या व्यवस्थेतच मुरलेला आणि दुसरा काहीतरी वेगळं घडल्यामुळे आलेला, म्हणजे पाण्याचा व्हॉल्व्ह बिघडला किंवा वाळूचा ट्रकच वेगळ्या ठिकाणचा आला. दुसऱ्याचं कारण शोधून ते तिथल्या तिथं काढता येतं. पहिल्यासाठी व्यवस्थाच बदलावी लागते आणि ती मोल्डरच्या हातात नसते. मुरलेल्या चढउतारासाठी माणसाला जाब विचारणं हा अन्याय तर आहेच, शिवाय त्यानं दोष कमी होत नाहीत.

प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून हे शूहार्ट १९४७-४८ साली भारतात आले होते, कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आणि इथल्या उद्योगांत. म्हणजे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड डेमिंग यांची जपानमधली गाजलेली व्याख्यानं व्हायच्या आधीच आपल्या दारात या विषयाचा जनक येऊन गेला. मग हे रोप तिकडे का वाढलं आणि इकडे का खुरटलं? माझ्या मते उत्तर आपल्या बाजारात होतं. परवान्यांच्या राज्यात जे तयार होईल ते विकलं जात होतं. स्कूटरसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. गिऱ्हाईक परत जाऊच शकत नसेल, तर त्याचं ऐकण्याची गरज कुणाला भासणार? जपानकडे मात्र ना कच्चा माल होता, ना स्वस्त मालाची जी बदनामी झाली होती ती पुसायला दुसरा उपाय. १९५० मध्ये डेमिंग तिथं गेले तेव्हा त्यांना ऐकायला इंजिनिअर तर आलेच, मोठमोठ्या कंपन्यांचे अध्यक्षही आले. पुढच्याच वर्षी तिथल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या संघानं डेमिंग पारितोषिक सुरू केलं.

डेमिंग आपल्या शिबिरांत एक प्रयोग करून दाखवत. एका पेटीत चार हजार मणी, त्यांतले आठशे लाल, बाकी पांढरे. पन्नास खळगे असलेली एक फळी पेटीत बुडवायची आणि पन्नास मणी बाहेर काढायचे. पांढरा मणी म्हणजे चांगला माल, लाल म्हणजे दोष. श्रोत्यांतले सहा जण कामगार व्हायचे, काही तपासनीस, एक जण नोंदी ठेवणारा. डेमिंग फोरमन. ज्याचे लाल मणी कमी आले त्याची पाठ थोपटायची, जास्त आले त्याला झापायचं, भिंतीवर घोषणा लावायच्या, शेवटी ‘नापास’ कामगारांना घरी पाठवून ‘उत्तम’ कामगारांकडून दुप्पट काम करून घ्यायचं. लाल मणी सरासरी दहाच्या आसपासच येत राहायचे, कारण पेटीतच वीस टक्के लाल होते. कामगार कितीही मन लावून फळी बुडवो, पेटी त्यानं भरलेली नव्हती. हा प्रयोग मी इथल्या कामगारांसमोर करून पाहिलाय. ते हसतात, आणि मग एकदम गप्प होतात. कारण त्यांचा पगार अशाच फळीवर ठरत आलेला असतो.

डेमिंग यांच्या चौदा सूत्रांपैकी दोन मला सगळ्यात महत्त्वाची वाटतात. आठवं, भीती घालवा. दहावं, कामगारांना उद्देशून केलेल्या घोषणा काढून टाका. आपल्याकडे गुणवत्ता सप्ताहाची सुरुवात घोषणांच्या स्पर्धेनं होते, म्हणून हे दहावं सूत्र मी मुद्दाम सांगतो.

थांबवण्याच्या अधिकाराचं सर्वांत स्पष्ट रूप टोयोटात दिसतं. ते तिथं मागातून आलं, ही गोष्ट इचलकरंजीहून आलेल्यांना आवडेल. साकिची तोयोदा यांच्या स्वयंचलित मागाचा धागा तुटला की माग आपोआप थांबे. १९२४ च्या त्यांच्या मागाचे हक्क पुढे १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सनं विकत घेतले. सदोष कापड विणत बसण्यापेक्षा माग थांबलेला बरा, हा विचार त्यांच्या मुलानं काढलेल्या मोटारीच्या कारखान्यात गेला आणि तिथं तो दोरीच्या रूपानं लटकला. कुठल्याही कामगारानं दोरी ओढली की दिवा लागतो, गटप्रमुख धावत येतो, आणि तेवढ्यात प्रश्न सुटला नाही तर सगळी लाइन थांबते. एक मिनिट लाइन थांबली तर नुकसान केवढं, ते इथल्या कारखानदारांना मी सांगायला नको. इतकं नुकसान करण्याचा अधिकार सर्वांत खालच्या माणसाला देऊन त्यांनी मोटारी विकल्या. दोरी बसवणं सोपं आहे. ओढल्यावर पहिलं वाक्य काय कानावर येतं, यावर सगळं ठरतं. ‘कुणी ओढली?’ असं ओरडणं ऐकू आलं, तर ती दोरी दुसऱ्यांदा ओढली जात नाही.

भारतातही हे झालं. १९९८ मध्ये सुंदरम क्लेटनच्या ब्रेक विभागाला डेमिंग पारितोषिक मिळालं, देशातलं पहिलं. २००३ मध्ये महिंद्रांच्या ट्रॅक्टर विभागाला मिळालं. जगातल्या कुठल्याही ट्रॅक्टर कंपनीला मिळालेलं ते पहिलंच. आपल्या अनेक कारखान्यांना या वाटेवर जपानच्या प्राध्यापक योशिकाझू त्सुदा यांनी नेलं. कारखान्यांबद्दल आज एवढं पुरे. त्यांच्याविषयी इतर ठिकाणी पुष्कळ बोललं जातं.

इस्पितळाकडे वळतो. डॉक्टर मंडळी म्हणतात, प्रत्येक रोगी वेगळा, कारखान्याचे नियम इथं चालणार नाहीत. रोगी वेगळा असतो हे खरंच. पण हात धुण्याची पद्धत रोग्यागणिक वेगळी नसते. अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीच्या एका इस्पितळात २,८४७ शस्त्रक्रियांचा अभ्यास झाला, तो १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. जखमेत जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून द्यायचं अँटिबायोटिक नेमकं केव्हा दिलं गेलं, एवढाच प्रश्न होता. शस्त्रक्रियेआधीच्या दोन तासांत दिलेल्यांत संसर्गाचं प्रमाण ०.६ टक्के. त्याच्याही फार आधी दिलेल्यांत ३.८ टक्के. इस्पितळ तेच, फरक वेळेचा. आता विचार करा, हे इंजेक्शन वॉर्डात द्यायचं की थिएटरात, नर्सनं की भूलतज्ज्ञानं, हे जिथं ठरलेलंच नाही तिथं उशीर झाला तर कुणाला जबाबदार धरणार? तिथं पेटीतच लाल मणी आहेत.

त्याहून मोठं उदाहरण मिशिगन राज्यातलं. अतिदक्षता विभागात मोठ्या शिरेत नळी घालतात. तिच्यातून रक्तात जंतू गेले तर रोगी दगावू शकतो. जॉन्स हॉपकिन्सचे डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी पाच साध्या गोष्टींची यादी केली. हात धुवा, रोग्याला पूर्ण निर्जंतुक आच्छादन घाला, त्वचा क्लोरहेक्सिडीननं पुसा, शक्य असेल तर जांघेतली शीर टाळा, गरज संपली की नळी काढा. कुठल्याही डॉक्टरला यात नवीन काहीच नाही. नवीन होतं ते पुढचं. डॉक्टरनं एखादी पायरी गाळली, तर नर्सनं त्याला थांबवायचं, आणि इस्पितळाचं व्यवस्थापन नर्सच्या पाठीशी उभं राहायचं. शंभरहून जास्त अतिदक्षता विभागांनी हे केलं. २००६ मध्ये आकडे प्रसिद्ध झाले. दर हजार नळी-दिवसांमागे सरासरी ७.७ संसर्ग होत होते, दीड वर्षाच्या आत ते १.४ वर आले. यादी भिंतीवर आपणही उद्या लावू शकतो. पण नर्सनं सर्जनला ‘थांबा’ म्हणायचं, ही गोष्ट आपल्याकडे किती थिएटरांत शक्य आहे? इथं बसलेल्या डॉक्टरांनी आपल्या ज्येष्ठ सिस्टरना एकट्यात हा प्रश्न विचारून पाहावा.

मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाचं नाव तुम्ही ऐकलं असेल. डॉ. गोविंदप्पा वेंकटस्वामी यांनी १९७६ मध्ये अकरा खाटांवर ते सुरू केलं. एका सर्जनला शेजारी शेजारी दोन टेबलं, एकावर शस्त्रक्रिया चालू असते तेव्हा दुसऱ्यावर पुढचा रोगी तयार होत असतो. १९९२ मध्ये त्यांनी डोळ्यात बसवायची भिंगंही स्वतःच बनवायला घेतली. लोक तिथं स्वस्ताई पाहायला जातात. मी म्हणेन, शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतींची नोंद ते कशी ठेवतात आणि तिच्यावर मोकळेपणानं कशी चर्चा करतात, ते पाहायला जा.

सरकारी कामाचं उदाहरण द्यायचं म्हटलं की मला अमेरिकेतलं मॅडिसन शहर आठवतं, आणि या गोष्टीवर मी जरा रेंगाळणार आहे. १९८३ ते १९८९ या काळात तिथं जोसेफ सेन्सेनब्रेनर महापौर होते. त्यांनी डेमिंगना ऐकलं, विल्यम हंटर नावाच्या संख्याशास्त्राच्या प्राध्यापकाची मदत घेतली आणि सुरुवात केली ती महापालिकेच्या गॅरेजपासून. तक्रार अशी, की गाड्या दुरुस्तीला गेल्या की लवकर परत येत नाहीत. मेकॅनिक कामचुकार आहेत, हा सर्वांचा निष्कर्ष तयारच होता. महापौर स्वतः गॅरेजमध्ये गेले आणि मेकॅनिकना विचारू लागले. ते म्हणाले, सुटे भाग मिळत नाहीत. का मिळत नाहीत? कारण ताफ्यात इतक्या वेगवेगळ्या कंपन्यांच्या आणि वर्षांच्या गाड्या आहेत, की सगळ्यांचे भाग ठेवणं अशक्य. एवढ्या जातीच्या गाड्या का? कारण ज्या दिवशी जी सर्वांत स्वस्त तीच घ्यायची, असा नियम आहे. चौकशी खरेदी विभागाकडे गेली, तिथून लेखा विभागाकडे, तिथून शहराच्या वकिलाकडे. प्रत्येक जण म्हणत होता, मला पटतं, पण पुढचा परवानगी देणार नाही. वकील म्हणाला, अहो, निविदेच्या अटींतच वॉरंटी, देखभाल, सुट्या भागांची उपलब्धता घाला ना! तुम्ही ते करतच असाल, असं मला वाटत होतं.

म्हणजे आडवा आलेला नियम कागदावर नव्हताच. पुढचा नाही म्हणेल, या भीतीचा तो नियम होता. मग खरेदीची चोवीस पायऱ्यांची पद्धत तीन पायऱ्यांवर आली. गाडी परत मिळायला सरासरी नऊ दिवस लागायचे तिथं तीन लागू लागले. गाडी बिघडायच्या आधीच देखभाल करण्यावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे सात डॉलर वाचले. या कामात कामगार संघटना महापौरांच्या बरोबर होती, हेही नोंदवून ठेवतो. कारण आपल्याकडे टीक्यूएम म्हणजे कामगारकपात, असा संशय लगेच येतो, आणि बरेचदा तो खोटा नसतो.

आपल्या राज्यातही असे प्रयत्न झालेत, त्यांना टीक्यूएमचं नाव नसलं तरी. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला तेव्हाच्या अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, अनिलकुमार लखिना जिल्हाधिकारी होते. त्यांनी दफ्तरांची छाननी करून घेतली, बसण्याची मांडणी बदलली, येणाऱ्या माणसाचा विचार केला. ‘लखिना पॅटर्न’ हा शब्द मंत्रालयापर्यंत रूढ झाला. पुढे चंद्रकांत दळवी यांनी पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’ राबवली. तिच्यातली सहा गठ्ठ्यांची पद्धत महसुलातल्या मंडळींना पाठ आहे: हातातली प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक अहवाल, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. ‘अ’ वर्गाचा कागद कायम, ‘ब’ तीस वर्षं, ‘ड’ वर्षभर. जपानी कारखान्यात जागच्या जागी वस्तू ठेवण्याची जी शिस्त शिकवतात, तीच ही. ज्यांना सरकारी सुधारणा परदेशातूनच आणाव्या लागतात असं वाटतं, त्यांनी हे पाहावं.

मात्र गठ्ठे लावून झाल्यावर एक प्रश्न उरतो, की हा कागद या टेबलावर इतके दिवस का थांबला? याचं उत्तर कारकुनाला माहीत असतं. कुठली सही निरुपयोगी आहे, कुठला दाखला दुसऱ्या खिडकीत आधीच उपलब्ध आहे, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा मला मनापासून आवडतो, नागरिकाला त्यानं मुदतीचा हक्क दिला. पण मुदत चुकली तर त्यात दंड आहे तो अधिकाऱ्याला, पाचशे ते पाच हजार रुपये. सात सह्यांची प्रक्रिया तशीच ठेवून सातव्या सहीवाल्याला दंड केला, तर तो कागदात त्रुटी काढून तो परत पाठवतो. मुदत पाळली जाते, माणूस पुन्हा खेटे घालतो. दंडाबरोबर त्या कारकुनाला एक सही कमी करा असं सुचवण्याचा आणि त्याचं उत्तर मिळवण्याचा हक्क दिला असता, तर कायद्याला खरं बळ आलं असतं.

आता शेतीकडे. २०१० चा द्राक्षांचा हंगाम नाशिक-सांगलीकडचे बागायतदार विसरलेले नाहीत. युरोपात पोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराईडचा, म्हणजे शेतकरी ज्याला सीसीसी म्हणतात त्या वाढरोधकाचा अंश सापडला. तिथली तेव्हाची मर्यादा किलोला ०.०५ मिलिग्रॅम. माल अडकला, भाव कोसळले, कर्ज काढून बागा उभ्या केलेल्यांचं कंबरडं मोडलं. यात कुणी लबाडी केली होती असं नाही. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलीची पालेवाढ रोखून घड चांगले यावेत म्हणून हे औषध वर्षानुवर्षं वापरलं जात होतं. तपासणीची व्यवस्थाही होती. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडानं २००६ मध्ये ग्रेपनेट सुरू केलं होतं, पेटीवरच्या क्रमांकावरून थेट बागेपर्यंत पोचता येत होतं, प्रयोगशाळेचा अहवाल असल्याशिवाय निर्यात होत नव्हती. पण ज्या रसायनांची तपासणी व्हायची त्या यादीत सीसीसी नव्हतं. तपासणीला फक्त तेच सापडतं, जे शोधायला सांगितलेलं असतं. वेलीवर काय काय फवारलंय हे शेतकऱ्याला पुरतं ठाऊक होतं. यादी करताना त्याच्या फवारणीच्या वहीपासून सुरुवात केली असती, तर हे नाव पहिल्या पानावर आलं असतं. नंतर ते यादीत आलं, शिफारशी बदलल्या आणि आज आपली द्राक्षं युरोपात सन्मानानं जातात. धडा मात्र फार महाग पडला, आणि त्याची किंमत यादी करणाऱ्यानं मोजली नाही.

दुधाचंही तेच आहे. संकलन केंद्रावर फॅट आणि एसएनएफ, म्हणजे फॅट सोडून उरलेले घन पदार्थ, लगेच कळतात, म्हणून पैसे त्यावर मिळतात. जंतू किती ते लगेच कळत नाही, म्हणून त्याचे पैसे नाहीत. धार काढल्यापासून दूध चार अंशांपर्यंत थंड होईपर्यंतचा वेळ सगळ्यात महत्त्वाचा, आणि तो गोठा, रस्ता, टेम्पो आणि वीज यांच्यावर अवलंबून असतो. नासलेल्या दुधाचा दंड उत्पादकाला लावण्याआधी संघाच्या संचालकांनी एकदा पहाटे त्या टेम्पोत बसून पूर्ण फेरी करावी.

शाळांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथं मला सर्वांत जास्त सावधगिरी हवी वाटते. मूल म्हणजे माल नव्हे आणि पालक म्हणजे केवळ गिऱ्हाईक नव्हे. आपल्याकडे कित्येक जिल्हा परिषद शाळांनी आयएसओ मानांकन घेतलं, गावांनी वर्गणी काढून रंगरंगोटी केली, त्यामागची आस्था खरी आहे. पण मुलाला वाचता येतं का, हे भिंतीच्या रंगावरून कळत नाही. अलास्कातल्या चुगाच नावाच्या दुर्गम शाळा जिल्ह्याला २००१ मध्ये अमेरिकेचं गुणवत्तेसाठीचं बाल्ड्रिज पारितोषिक मिळालं. मुलं दोनशेच्या आसपास, विखुरलेली. तिथं त्यांनी इयत्ताच काढून टाकल्या, जे येतं ते पक्कं झालं की मूल पुढे जातं, कुणाला आधी, कुणाला उशिरा. ‘मला हे अजून समजलं नाही’ असं म्हणून थांबण्याचा अधिकार त्यांनी मुलाला दिला. आपली मुलं तो अधिकार पहिलीतच गमावतात.

हे सगळं ऐकून कुणाला वाटेल, की पारितोषिक मिळवणं हाच मार्ग. तसं नाही. फ्लोरिडा पॉवर अँड लाइट या वीज कंपनीला १९८९ मध्ये डेमिंग पारितोषिक मिळालं, जपानबाहेरची ती पहिली कंपनी. त्यासाठी इतके अहवाल, इतके तक्ते भरावे लागले, की कर्मचारी कागदांनी गुदमरले. पुढच्याच वर्षी नव्या अध्यक्षांनी तो गुणवत्ता विभागच मोठ्या प्रमाणात कापून टाकला. ह्यूस्टनच्या वॉलेस कंपनीला १९९० मध्ये बाल्ड्रिज मिळालं आणि १९९२ मध्ये ती दिवाळखोरीत गेली. पारितोषिकासाठी काम सुरू झालं, की परीक्षक हेच गिऱ्हाईक बनतात. ऑडिटच्या आदल्या रात्री रजिस्टरं पूर्ण करणाऱ्या आपल्या माणसांकडे पाहा. त्यांना खोटेपणा आवडतो म्हणून ते तसं करत नाहीत. खरं लिहिलं तर ‘नॉन-कन्फॉर्मिटी’ लागते आणि साहेब रागावतात, हे त्यांना अनुभवानं कळलेलं असतं. ज्या संस्थेत रजिस्टर नेहमी स्वच्छ असतं, तिथल्या गुणवत्तेवर माझा विश्वास बसत नाही.

तुमच्यापैकी जे खुर्चीत आहेत त्यांच्याकडे एक मागणी करून थांबतो. गुणवत्तेचा नवा फलक लावू नका, सल्लागार नेमण्याची घाई करू नका. आपल्या कारखान्यात, इस्पितळात, शाळेत, कचेरीत किंवा संघात ज्याचा पगार सर्वांत कमी आहे अशा माणसाकडे या आठवड्यात जा. त्याच्या जागेवर जा, त्याला केबिनमध्ये बोलवू नका. काम कुठं अडतं, ते विचारा. तो जे सांगेल त्यातली एक गोष्ट महिन्याच्या आत बदला, आणि बदल झाल्याचं त्याला स्वतः जाऊन सांगा. पुढच्या वेळी त्यानं काम थांबवलं, तर ‘कुणी थांबवलं?’ असं न विचारता ‘काय दिसलं तुम्हाला?’ असं विचारा.